रझियाबाईंची पुस्तकं आणि आम्ही चौघं

अठ्ठावीस वर्षं मी मुलांना ड्रॉइंग शिकवलं. चेंडू, लोटा, केळीचं पान, पुन्हा चेंडू! त्यातलं कुणाला काही आठवत नाही. पण बाजारात, बँकेत, लग्नाच्या पंगतीत जुना विद्यार्थी भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "मास्तर, ते अस्वलाचं काय झालं होतं हो?" ते सांगून होतंय न होतंय तोवर शेजारचा म्हणतो, "अन् तो आरशाचा?" आमचे किस्से असेच. एकटा कधी येत नाही, येताना दोन पाहुणे बरोबर घेऊन येतो. चहा गार होतो, पण किस्से संपत नाहीत.

आम्ही चौघं होतो. रझियाबाई गोष्टी लिहायच्या. मुलींच्या शाळेत मास्तरीण. चित्रं माझी. छापखाना विठ्ठलरावांचा. आणि छापखान्यात करीमचाचा, दगडावर काढलेली चित्रं छापणारे जुने कारागीर. गाव धाराशिव. कागदावर उस्मानाबाद, तोंडात धाराशिव. निजामी जाऊन थोडीच वर्षं झालेली, नुकतेच आम्ही मुंबई राज्यात गेलेलो. शाळा उर्दूतून मराठीत आल्या होत्या, मास्तर लोक अजून वाटेतच होते!

*

बाई पहिल्यांदा छापखान्यात आल्या तेव्हा मी तिथंच बसलो होतो. त्यांनी पिशवीतून एक वही काढली.

"मुलांसाठी गोष्टी हायत. आमच्या घरातल्या. छापायच्या."

विठ्ठलरावांनी वही उघडली, चष्मा लावला, चष्मा काढला. "बाई, ही तर उर्दू आहे."

"न्हाय, मराठी हाय."

वही माझ्याकडं आली. माझंही शिक्षण उर्दूतूनच झालेलं, त्यामुळं मी मोठ्यानं वाचायला लागलो. आणि काय सांगू! अक्षरं उर्दू, उजवीकडून डावीकडं, आणि तोंडातून बाहेर पडतेय ठणठणीत मराठी! 'एक होती म्हातारी, तिला नव्हतं कुणी...' बाई मराठी बोलायला गल्लीत शिकल्या होत्या आणि लिहायला उर्दू शाळेत. दोन्हीची गाठ त्यांनीच घातली होती.

विठ्ठलराव म्हणाले, "म्हणजे ही भाषा कोणती धरायची?"

बाई म्हणाल्या, "कान लावले तर मराठी. डोले लावले तर उर्दू!"

"आणि छापायच्या कशासाठी?"

तेव्हा मात्र बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्या पोरींच्या हातात पुस्तकं येतात त्यात समुद्र असतो, जहाज असतं. चौथीच्या पोरीनं काल मला विचारलं, बाई, पुस्तकात आपलं गाव का येत न्हाय? मला जवाब देता आला न्हाय."

विठ्ठलरावांनी वही परत दिलीच नाही. गल्ल्याखाली ठेवून घेतली.

*

वर 'डोले' लिहिलं ते छपाईची चूक नाही. बाईंच्या तोंडात 'ळ' नव्हता. शाला, फला, बाल! त्यांच्या घरात सगळेच असं बोलायचे. शाळेतल्या हेडबाई भर सभेत त्यांना टोकायच्या, "रझियाबाई, शाळा. म्हणा, शा-ळा." बाई मान खाली घालायच्या. पुस्तक काढायचं तर लोक आधी हेच म्हणतील, हिला मराठी येत नाही, ही धास्ती त्यांच्या मनात होती.

पहिली गोष्ट कावळ्याची. 'एक होता काळा कावळा. तो सकाळी बाभळीवर बसून जांभळं गिळत होता.' कावळा बाभळीवर जांभळं का गिळतो, तीच गंमत होती गोष्टीत.

विठ्ठलरावांनी सोलापूरहून मराठी खिळे मागवले होते. खिळे म्हणजे छापायची शिशाची अक्षरं. येडशी स्टेशनवर खोकं उतरवताना फुटलं. जे सापडलं ते गोळा करून आणलं. मोजदाद झाली आणि विठ्ठलराव डोक्याला हात लावून बसले. 'ळ' फक्त सहा!

गोष्टीची दोन वाक्यं जुळवली. सहाच्या सहा संपले!

"मग 'ल' लावा की," बाई म्हणाल्या. "आमच्यात चालतो!"

"बाई, तुमच्यात चालतो. हेडबाईंच्यात चालायचा नाही."

नवे खिळे यायला महिना लागणार होता. बाई वही घेऊन कोपऱ्यात बसल्या. दोन दिवस, शाळा सुटल्यावर, तिथंच. कावळा गेला, मोर आला. सकाळ गेली, पहाट आली. बाभूळ जाऊन चिंच, जांभळं जाऊन बोरं. मुखपृष्ठावर 'बाळगोपाळांसाठी' होतं, ते जाऊन 'लहान मुलांसाठी' झालं. सोळा पानांचं पुस्तक, एकही 'ळ' नाही!

पहिली प्रत घेऊन बाई थेट हेडबाईंच्या खोलीत गेल्या. परत आल्या त्या हसत हसत.

"मास्तर, त्यांनी लाल पेन्सिल घेऊन सगलं वाचलं. आख्ख्या पुस्तकात माझा एक 'ळ' चुकलेला न्हाय!"

*

बाईंचं घराणं मूळ तेरखेड्याचं. शोभेची दारू करणारं. आजोबा ऐंशीच्या घरात होते, त्यांना सगळे दादामियाँ म्हणायचे. नळे, भुईचक्र, बाण. आणि कागदाच्या नळ्या वळता वळता गोष्टी. बाईंच्या सगळ्या गोष्टी तिथल्या.

दादामियाँना वाचता येत नव्हतं. पण गोष्ट छापायला जायच्या आधी त्यांना ऐकवायची, हा बाईंचा नियम. आम्ही तेरखेड्याला गेलो. दादामियाँनी वीतभर वात काढली, अंगणात दगडावर ठेवली आणि पेटवली.

"वाच."

वात संपायच्या आत गोष्ट संपली पाहिजे! "पोरगं एवढाच वेळ एका जागी बसतंय," ते म्हणाले. "पुढं गेली की गोष्ट न्हाय, वाज (प्रवचन) होतो."

बाई झरझर वाचत होत्या, त्यांच्या दोन गोष्टी बसल्या, तिसरीतली चार वाक्यं तिथंच छाटली. मग विठ्ठलराव खिशातून कागद काढून उभे राहिले. त्यांनी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली होती. वात पेटली.

"बालमित्रहो! आपल्या या पुरातन, वैभवशाली, सुसंस्कृत आणि..."

फुस्स!

दादामियाँनी राख पायानं सारली. "पुढची वाचा."

पुस्तकाला प्रस्तावना नाही, ती त्यामुळं.

*

आता जरा वाईट वाटणारी गोष्ट. मोराचं पुस्तक काही खपलं नाही. दुकानदार म्हणायचे, पाठ्यपुस्तक आहे का? नाही? मग नको. पाचशेतल्या तीनशे प्रती छापखान्याच्या मागच्या खोलीत पडून. त्यात छप्पर गळायला लागलं.

त्याच आठवड्यात तेरखेड्याहून निरोप आला. दिवाळीचा माल वळायला कागद कमी पडतोय, रद्दी असेल तर पाठवा.

बाईंनी वरच्या गठ्ठ्यावरचं पाणी पदरानं पुसलं. मग म्हणाल्या, "भिजून सडण्यापेक्षा उडू दे."

गाडीत गठ्ठे आम्हीच चढवले. करीमचाचांनी एक प्रत सदऱ्यात लपवली, ती मी बघितली. बाई त्यानंतर पंधरा दिवस छापखान्याकडं फिरकल्या नाहीत. त्यांनी लिहिणं सोडलं असं शाळेत कुणीतरी म्हणालं.

दिवाळी झाली. शाळा उघडली. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंच्या वर्गापुढं ही गर्दी! पोरींच्या आणि त्यांच्या भावांच्या हातात डबे. डब्यांत फटाक्यांचे उडालेले तुकडे. कुठं मोराचा पाय, कुठं पिसारा, कुठं 'मग मोर म्ह' एवढंच. सकाळी उठून फुसके फटाके वेचताना पोरांना चित्रं सापडली होती. खळ लावून त्यांनी ती जोडली होती, आणि गोष्ट काही केल्या पुरी होत नव्हती.

बाईंनी मला बोलावून घेतलं. एकेक डबा उघडून दाखवत होत्या. तेवढ्यात फाटकातून चार पोरं आत आली, पायांवर धूळ, कुठल्या तरी खेड्यातून चालत आलेली. पुढच्यानं हातातला जळका कागद जपून उलगडला.

"बाई, मोराचं शेपूट आमच्याकडं हाय. तोंड कुणाकडं हाय?"

त्याच दुपारी विठ्ठलराव दुसऱ्या आवृत्तीच्या कामाला बसले.

*

पुढचं पुस्तक दादामियाँच्या कारखान्यावर. बाईंनी नाव दिलं, 'दादांची दारू'. शाळांच्या लायब्ररीत घ्यायचं तर मंजुरी लागायची. मुंबईकडून शिक्षण खात्याचे नवीन साहेब आले होते, त्यांनी बाईंना बोलावलं. बरोबर मी. साहेबांच्या टेबलावर पुस्तकाचं नुसतं नाव पोचलं होतं, पुस्तक नाही.

"बाई, हे खरं आहे? आपल्या घरात?"

"व्हय साहेब. चार पिढ्या."

"कोण कोण?"

"सगलेच. दादा, अब्बा, दोन चाचा. अम्मी पण हात लावते."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आई पण?"

"दिवालीच्या तोंडावर तर सकालपासून."

"आणि मुलं?"

"त्या वासातच वाढलो आम्ही."

मला हसू आवरेना. मी खोकल्याचं सोंग घेतलं. साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, याचे परिणाम काय होतात, माहीत आहे ना?"

"माहीत हाय की! लई मोठा आवाज होतो. मग आकाशात फुलं दिसतात."

शिपाई पुस्तक घेऊन आत आला म्हणून वाचलो! साहेबांनी पहिलं पान उघडलं. बाण, नळा, भुईचक्र. साहेब असे हसले की शेजारच्या खोलीतले कारकून दारात आले. मंजुरी मिळाली. नाव तेवढं बदललं, 'दादांचे फटाके'.

निघताना बाईंनी मला विचारलं, "मास्तर, ते एवढं घाबरले कशाला होते?"

*

दगडावर चित्र काढायचं म्हणजे उलटं काढावं लागतं. डावं उजवीकडं, उजवं डावीकडं. तरच कागदावर सुलटं उमटतं. हे मला माहीत होतं. करीमचाचांनी दहादा सांगितलं होतं. पण त्या दिवशी घरी पाहुणे होते, घाईघाईत मी एसटी स्टँडचं मोठं चित्र सरळच काढलं!

छापून झाल्यावर बघतोय तर काय, सगळी माणसं डाव्या हातानं भाकरी खातायत. कंडक्टर डाव्या हातानं घंटी वाजवतोय. आणि 'येडशी' ही पाटी अशी उमटलेली की वाचणारा येडा होईल.

मी चाचांवर चिडलो. "चाचा, तुम्ही बघत होता ना? बोलला का नाही?"

चाचांची सगळी हयात उर्दू छापण्यात गेलेली. ते शांतपणे म्हणाले, "मेरे को लगा, सरकारनं तुमची मराठी आता उजवीकडून चालू केली. मी म्हटलं, चला, एक काम तर बरोबर केलं!"

कागद वाया घालवणं परवडणारं नव्हतं. बाईंनी चित्राकडं बघितलं, खाली एक ओळ लिहिली, 'हे पान आरशात बघा.' ती ओळ छापली.

पुस्तक गावोगाव गेलं आणि आरसे गायब व्हायला लागले! आई कुंकू लावायला बघते तर आरसा नाही. बाप दाढीला बसतो तर आरसा नाही. पोरं पुस्तक आणि आरसा घेऊन ओसरीवर. एका न्हाव्यानं तर छापखान्यात येऊन तक्रार केली.

पुढचं पुस्तक करायला बसलो तेव्हा विठ्ठलराव माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मास्तर, एखादं पान जरा चुका की!"

*

आता अस्वल. रामलिंगच्या रानातल्या अस्वलाची गोष्ट होती. अस्वल मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. वही घेऊन छापखान्यात बसलो, समोर विठ्ठलराव. खुर्चीत मागं रेललेले, चष्मा कपाळावर, पोटावर हात, डोळे अर्धे मिटलेले. माझा हात आपोआप चालायला लागला.

चित्र झालं. शाई त्यांनीच लावली, कागद त्यांनीच तपासले. एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, सुटलो.

आठ दिवसांनी छापखान्याच्या खिडकीत पोरांची रांग. एकमेकांना ढकलत आत बघतायत. "हाय, हाय! बसलंय बघ!"

पाठोपाठ विठ्ठलरावांच्या पत्नी, आमच्या काकू आल्या, हातात पुस्तक. मला म्हणाल्या, "मास्तर, कान जरा मोठे झालेत. बाकी सगळं बरोबर आहे."

विठ्ठलरावांचे पाय धरायचेच तेवढे बाकी राहिले होते. म्हटलं, "विठ्ठलराव, तुम्ही पाचशे वेळा ते चित्र बघितलं, मग थांबवलं का नाहीत?"

विठ्ठलराव चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही आमच्या मेहुण्याला काढलंय!"

*

दादामियाँकडं एक गोष्ट होती, तिला शेवट नव्हता.

एका म्हातारीच्या घरात वाघ शिरतो आणि तिच्या बाजेवर बसतो. म्हातारी म्हणते, "पाव्हणं, पाय धुतले का?" वाघ बाहेर जाऊन पाय धुतो. चारी. म्हातारी म्हणते, "आता जेवायला बसा." भाकरी वाढते. वाघ विचारतो, "भाकरीबरोबर काय?" म्हातारी वाघाकडं वरपासून खालपर्यंत बघते आणि म्हणते...

आणि इथं दादामियाँच्या आजीला झोप लागायची! दिवसभर दारू कुटून दमलेली बाई. रोज गोष्ट इथपर्यंत यायची आणि रोज घोरणं सुरू व्हायचं. एक दिवस ती आजी गेली, शेवट तिच्याबरोबर गेला.

मी बाईंना म्हटलं, "तुम्ही लेखिका आहात. शेवट तुम्ही करा की."

"न्हाय मास्तर. घरातली गोष्ट हाय. खोटा शेवट लावला तर दादांना कलेल."

मग आम्ही शेवटचं पान कोरं छापलं. पोरांनी त्यावर काय काय लिहिलं! 'म्हणाली, झुणका.' 'म्हणाली, तूच.' एकीनं लिहिलं, 'म्हणाली, आधी तू माझी बाज सोड.' बाई ती सगळी पानं जपून ठेवायच्या. पण दादामियाँना वाचून दाखवली की ते मान हलवायचे. "न्हाय. असं नव्हतं. आजी ते बोलायच्या आधी हसायची. मग झोपायची."

एकदा तेर गावच्या शाळेत बाईंनी ही गोष्ट वाचली. कोऱ्या पानाशी आल्या आणि नेहमीसारखं विचारलं, "सांगा, काय म्हणाली?"

वर्गातून नाही, खिडकीतून आवाज आला. "पुढचं मला ठावं हाय."

शाळेच्या मागं राहणारी गोदाक्का. दादामियाँच्याच वयाची. तिची आजी तेरखेड्याची, दादामियाँच्या घराला भिंत लागून तिचं घर. दोघी आज्या एका चुलीवर बसणाऱ्या.

बाई उठून खिडकीशी गेल्या. पण त्या म्हणाल्या, "अक्का, आता सांगू नका. दादांना घेऊन येते."

दादामियाँचे पाय थकले होते. घरातून ते बाहेर पडायचे नाहीत. पण निरोप ऐकल्यावर धुतलेला सदरा घालून अंगणात उभे! तेरखेड्याहून धाराशिव, धाराशिवहून तेर, दोन एसट्या. आम्ही चौघं बरोबर. तेरला उतरलो तर शाळेत निम्मं गाव. खुर्ची ठेवली होती, दादामियाँ तिच्यावर बसले नाहीत. पहिल्या ओळीत पोरांमध्ये मांडी घालून बसले. "ऐकायला आलोय. ऐकणारा खालीच बसतो."

गोदाक्का समोर बसली. बाईंनी वही उघडली, पेन धरलं.

"वाघ आला अन् बाजंवर बसला," गोदाक्का म्हणाली. "म्हातारी म्हणाली, पाव्हणं, पाय धुतले का?"

"चारी!" सगळा वर्ग ओरडला.

"वाघ म्हणाला, भाकरीबरुबर काय? म्हातारीनं वाघाकडं वरपासनं खालपत्तर बघितलं..." गोदाक्का हसली. "अन् म्हणाली..."

घुर्रर्र!

दादामियाँची हनुवटी छातीवर टेकली होती. गाढ झोप! अख्खा वर्ग हसून लोळायला लागला, गोदाक्काला पुढं बोलता येईना. बाईंनी हात वर केला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसतही होत्या.

"थांबा अक्का. त्यांच्याशिवाय नको."

आम्ही थांबलो. सगळे. चहा आला, गेला. शाळा सुटल्याची घंटा झाली, एक पोरगं उठलं नाही.

अर्ध्या तासानं दादामियाँनी डोळे उघडले आणि मधे काही झालंच नाही अशा थाटात विचारलं, "हां. मग? काय म्हणाली?"

गोदाक्कानं तोंड उघडलं. पोरांकडं बघितलं. हेडमास्तरांकडं बघितलं. बाईंच्या पेनाकडं बघितलं. मग उठली, दादामियाँच्या शेजारी येऊन टेकली आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलली.

दादामियाँनी गोदाक्काकडं बघितलं. आणि मग जे हसायला लागले! पोट धरून, डोळे पुसत, जमिनीवर हात आपटत. गोदाक्का तोंडाला पदर लावून हसतेय. ते दोघं हसतायत म्हणून पोरं हसतायत, पोरं हसतायत म्हणून गाव हसतंय, आणि बाई विचारतायत, "दादा, काय? काय म्हणाली?"

एसटीत बसलो तरी हसणं चालूच. विठ्ठलराव विनवण्या करून थकले. करीमचाचांनी गळ घातली. शेवटी कंडक्टर तिकिटं फाडायची सोडून येऊन उभा राहिला. "बाबा, काय म्हणाली म्हातारी?"

दादामियाँनी उपरण्यानं डोळे पुसले. बाईंच्या मांडीवर वही उघडीच होती. ती त्यांनी हळूच मिटली.

"रझिया बेटा," ते म्हणाले, "ते पान कोरंच राहू दे."